जुना हॅम सेट घ्यावा का? किनाऱ्यावरच्या नव्या परवानाधारकासाठी

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकले, तेव्हा त्याचा तडाखा आमच्या दापोली तालुक्यालाही बसला. विजेचे खांब आडवे झाले ते काही गावांत कित्येक आठवडे तसेच पडून होते, आणि मोबाइलच्या मनोऱ्यांमधल्या बॅटऱ्या उतरल्यावर हातातला फोन केवळ घड्याळ पाहण्यापुरता उरला. पुढच्याच वर्षी, २२ जुलै २०२१ ला, चिपळूण पाण्याखाली गेले आणि आतली माणसे सुखरूप आहेत की नाहीत हे कळायला बाहेरच्या नातेवाइकांना फार वेळ लागला. या दोन घटनांनंतर किनाऱ्यावरच्या बऱ्याच लोकांना हौशी रेडिओची, म्हणजे हॅम रेडिओची, आठवण झाली. काहींनी परीक्षा दिली आणि त्यांच्या हाती परवाना आला. त्यानंतर जो प्रश्न हमखास येतो तो असा: "नवा सेट परवडत नाही, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा एक मिळतो आहे, घेऊ का?" या प्रश्नाला मी लगेच हो किंवा नाही म्हणत नाही, कारण सेट किती जुना आहे यापेक्षा तो बिघडल्यावर कोण उघडणार आणि आत घालायला भाग कुठून येणार, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

सेट म्हणजे नेमके काय

ज्याला आपण 'सेट' म्हणतो तो ट्रान्सीव्हर, म्हणजे एकाच डब्यात बसवलेले प्रक्षेपक (पाठवणारा भाग) आणि ग्राहक (ऐकणारा भाग). बोलायचे असेल तेव्हा माइकचे बटण दाबायचे, की आतली एक रिले अँटेनाची वाट ग्राहकाकडून प्रक्षेपकाकडे वळवते. बटण सोडले की वाट परत फिरते. रेल्वेचे सांधे बदलावेत तसा हा प्रकार आहे, आणि जुन्या सेटमधले बरेचसे दुखणे याच सांध्यापाशी असते. त्याकडे पुढे येईन.

आपल्या कामाचे सेट दोन जातींचे असतात. हातात मावणारे, पाच वॉटचे, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर चालणारे सेट व्हीएचएफ या जातीचे. टेबलावर ठेवायचे, साधारण शंभर वॉटचे, ३ ते ३० मेगाहर्ट्झमध्ये काम करणारे सेट एचएफ या जातीचे. या लेखात 'जुना सेट' म्हणताना मी एचएफ सेटबद्दल बोलत आहे.

कोकणात एचएफच का

व्हीएचएफच्या लहरी बॅटरीच्या झोतासारख्या सरळ जातात आणि डोंगर आडवा आला की थांबतात. देशावर एखाद्या टेकडीवर पुनःप्रक्षेपक, म्हणजे आलेला संकेत पुन्हा पुढे पाठवणारे यंत्र, बसवला तर मोठा सपाट मुलूख त्याच्या टप्प्यात येतो. आपल्याकडे प्रत्येक खाडीच्या दोन्ही बाजूंना डोंगर, प्रत्येक गाव एका खोलगट जागी, आणि पूर्वेला सह्याद्रीची सलग भिंत. हर्णै बंदरावरून हातातल्या सेटने दापोलीच्या पलीकडे बोलायचे म्हणजे मधल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, कुणीतरी उभे असावे लागते.

एचएफचे तसे नाही. ७ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे ४० मीटरच्या पट्ट्यावर दिवसा बोलताना लहर वर जाते, आयनांबरावर, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर, आपटते आणि खाली येते. अंगणातल्या नळीचा फवारा पत्र्याच्या छपराला आतून मारला, तर पाणी नेमके एका जागी न पडता चहूबाजूंना खाली गळते, तसेच हे. अँटेना फार उंच न बांधता जमिनीपासून चार-सहा मीटरवर ताणली, की लहरींचा मोठा भाग जवळजवळ सरळ वर जातो आणि दोनशे-तीनशे किलोमीटरच्या घेरात उतरतो. मधला डोंगर या वाटेत येतच नाही. दापोलीहून मुंबई, पुणे, कोल्हापूर, सावंतवाडी हे सगळे या घेरात बसते. रात्री ४० मीटरचा स्वभाव पालटतो, लांबचे देश ऐकू येतात आणि जवळची माणसे नाहीशी होतात. तेव्हा ८० मीटरवर, म्हणजे ३.५ मेगाहर्ट्झच्या वर, जावे लागते. म्हणून सेट जुना असो की नवा, वादळाच्या रात्रीसाठी हे दोन पट्टे त्यात धड चालले पाहिजेत, आणि बाकीचे पट्टे चालले तर आनंद.

'जुना' म्हणजे किती जुना

इथे लोकांची सर्वांत जास्त गल्लत होते, कारण जाहिरातीत 'व्हिंटेज' हा एकच शब्द तीन अगदी निराळ्या पिढ्यांना लावलेला असतो.

पहिली पिढी सत्तरच्या दशकातली: यासूचा एफटी-१०१, केनवुडचा टीएस-५२०. यांच्यात लहान कामे ट्रान्झिस्टर करतात, पण शेवटची ताकद निर्वात नळ्या, म्हणजे व्हॉल्व्ह, देतात. दिसायला देखणे, आवाजाला गोड, आणि उचलायला पंधरा किलोच्या आसपास. प्रत्येक वेळी पट्टा बदलला की पुढच्या दोन-तीन खुंट्या फिरवून नळ्यांची जुळणी करावी लागते, आणि ती काही सेकंदांत उरकली नाही तर नळ्या तापून लाल होतात. आत ६०० व्होल्ट आणि त्याहून अधिक दाब असतो, जो वायर काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागांत, टिकून राहतो. सुरुवातीच्या एफटी-१०१ मधल्या ६जेएस६सी या नळ्या मुळात टीव्हीसाठी बनवलेल्या. टीव्हीतून व्हॉल्व्ह गेले आणि त्यांची पैदास संपली. शिवाय १९७९ च्या जागतिक परिषदेत हॅमना दिलेले १०, १८ आणि २४ मेगाहर्ट्झचे पट्टे या सेटमध्ये नसतात, आणि परदेशातून आलेला नग ११७ व्होल्टवर चालणारा निघाला तर आपल्या २३० व्होल्टच्या भिंतीत लावल्याबरोबर खेळ संपतो. ज्याला दुरुस्तीचीच हौस आहे त्याने हे सेट जरूर घ्यावेत. पहिला आणि एकुलता एक सेट म्हणून मी ते कुणाला सुचवत नाही.

दुसरी पिढी ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून दोन हजार सालाच्या आसपासपर्यंतची. आयकॉमचा आयसी-७३५, केनवुडचा टीएस-४४०, यासूचा एफटी-८४०, आणि या पिढीच्या शेवटी शेवटी आलेला आयसी-७१८. यांत निर्वात नळी नाही, जुळणीच्या खुंट्या नाहीत, आकड्यांत वारंवारता दिसते, आणि सगळे १३.८ व्होल्टवर, म्हणजे गाडीच्या बॅटरीवर, चालतात. 'जुना सेट घ्यावा का' हा प्रश्न खरे तर याच पिढीबद्दल विचारण्यासारखा आहे.

तिसरी पिढी लहरींचे थेट आकड्यांत रूपांतर करून बाकी काम संगणकी पद्धतीने करणाऱ्या सेटची. २०१६ मध्ये आलेल्या आयसी-७३०० ने ती घरोघर नेली. पडद्यावर संपूर्ण पट्टा धबधब्यासारखा दिसतो, आणि एकच यूएसबी वायर संगणकाला जोडली की झाले. हा सेट आता सेकंडहँड मिळू लागला आहे, पण त्याला जुना म्हणण्याची वेळ अजून आलेली नाही.

कोणता भाग मरतो आणि तो मिळतो का

मधल्या पिढीतल्या सेटचे दुखणे बहुतेक वेळा ठरावीक असते, आणि हेच तिचे बलस्थान आहे. वैद्याला रोग माहीत असला की निम्मी लढाई झालेली असते. टीएस-४४० मध्ये वारंवारता तयार करणाऱ्या मंडलावर कारखान्यातच घातलेला डिंकासारखा पदार्थ वर्षांनुवर्षांनी वीज वाहू देऊ लागतो, आणि मग पडद्यावर आकड्यांऐवजी नुसते ठिपके दिसतात. हातात संयम असलेला माणूस तो पदार्थ खरवडून काढतो आणि सेट पुन्हा बोलू लागतो. आयकॉमच्या आयसी-७५१ सारख्या काही सेटमध्ये सेटची आज्ञावलीच एका लहान लिथियम बॅटरीच्या आधारावर स्मृतीत ठेवलेली असे. ती बॅटरी मेली की सेटला आपण कोण आहोत हेच आठवत नाही. असा सेट घेताना बॅटरी कधी बदलली, किंवा तो स्मृतीचा तुकडाच नव्या पद्धतीचा बसवला आहे का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

याउलट काही भाग मेले की खरोखर अडचण होते. शेवटची ताकद देणारे ट्रान्झिस्टर, ज्यांना हॅम मंडळी 'फायनल' म्हणतात, ते चुकीच्या अँटेनावर जोर लावला की जातात. तोशिबाचा २एससी२८७९ हा त्या काळातला नावाजलेला फायनल. त्याचे उत्पादन थांबले आणि बाजारात त्याच नावाचे नकली माल भरपूर आले. तोच प्रकार एखाद्या कंपनीने केवळ त्याच सेटसाठी बनवलेल्या चिपचा, आणि मिटत चाललेल्या पडद्याचा. साधे रोध (रेझिस्टर), कपॅसिटर, रिले, पंखा हे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आजही मिळतात. म्हणून 'फायनल मूळचे आहेत का, की बदललेले?' हा प्रश्न विक्रेत्याला आवर्जून विचारावा, आणि उत्तर देताना तो घुटमळला तर किंमत त्याप्रमाणे धरावी.

खारी हवा: इथला वेगळा शत्रू

पुण्यातल्या कोरड्या खोलीत तीस वर्षे राहिलेला सेट आणि समुद्रापासून दोनशे मीटरवर दहा वर्षे राहिलेला सेट यांत मी डोळे मिटून पहिला घेईन. माझा स्वतःचा पहिला एचएफ सेट मी फोटो पाहून मागवला होता. तो आला, चालू झाला, सुरेख ऐकू येऊ लागले. पहिल्या पावसाळ्यात मात्र आवाज अधूनमधून एकदम खाली जायचा, जणू कुणी रेडिओवर गोधडी टाकली; आणि माइकचे बटण एकदा दाबून सोडले की पुन्हा खणखणीत. आधी मी अँटेनाला दोष दिला, मग आयनांबराला. शेवटी झाकण उघडले तेव्हा दोष त्या सांधे बदलणाऱ्या रिलेत निघाला: तिचे टोक काळे पडले होते, आणि बटण दाबताना होणाऱ्या आपटीने ते तेवढ्यापुरते साफ व्हायचे. पांढऱ्या कागदाची बारीक पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून टोकांमधून दोन-चार वेळा ओढली, तेव्हा पट्टीवर काजळासारखी रेघ उमटली आणि सेट सुधारला. पंख्याच्या मागे पालीची दोन अंडी होती, ती निराळीच. पॉलिश पेपर मात्र रिलेला कधी लावू नये. वरचा मुलामा गेला की ती रिले कायमची गेली.

किनाऱ्यावर सेट बंद पेटीत जपून ठेवणे हा सर्वांत वाईट उपाय आहे. रोज तासभर चालू ठेवलेला सेट स्वतःच्या उबेने कोरडा राहतो. ते जमत नसेल तर कपाटात पंधरा वॉटचा जुन्या धाटणीचा तारेचा दिवा लावून ठेवावा. एलईडी दिवा इथे उपयोगाचा नाही, कारण आपल्याला उजेड नको, ऊब हवी आहे. केबलच्या टोकांना स्वतःशीच चिकटणारी रबरी टेप गुंडाळली नाही, तर एका मोसमात आतली तांब्याची जाळी हिरवट-काळ्या भुकटीत बदलते. मी एक टोक कापले तेव्हा ती भुकटी बोटाला तपकिरीसारखी लागली.

समोर बसून कसे पाहावे

शक्य असेल तर विक्रेत्याच्या घरी जावे. झाकण उघडायला त्याची हरकत असेल तर चहा पिऊन परत यावे. आत पाहताना फुगलेले किंवा पाझरलेले कपॅसिटर, तांब्यावरची हिरवी झाक, कुणीतरी घाईत केलेले सोल्डरचे जोड, जळका वास, एवढे पाहायला अभियंता असण्याची गरज नाही.

ऐकण्याची चाचणी अशी करता येते. दहा मेगाहर्ट्झवर चीनच्या बीपीएम या वेळ सांगणाऱ्या केंद्राचे सेकंदाचे ठोके आपल्याकडे बहुधा ऐकू येतात. सेट वरच्या बाजूच्या आवाज-पद्धतीवर, म्हणजे यूएसबीवर (हे संगणकाच्या वायरचे यूएसबी नव्हे), ठेवून आकडा ९.९९९ वर आणला, की ठोक्यांमागे एक सलग शिट्टी ऐकू येते. तिची पट्टी एक हजार हर्ट्झच्या आसपास असली पाहिजे. तंबोरा जुळवण्याचे जे ॲप भजनी मंडळातल्या पोरांच्या फोनवर असते, तेच इथे समोर धरावे. शिट्टी ९८० किंवा १०२० दाखवत असेल तर सेटचा आकडा वीस हर्ट्झने चुकतो एवढेच, आणि ते सुधारता येते. अर्ध्या तासाने पुन्हा पाहावे. पट्टी सरकत सरकत शंभर-दोनशे हर्ट्झ गेली असेल, तर सेटला धीर धरवत नाही असे समजावे.

बोलण्याची चाचणी अँटेनावर न करता डमी लोडवर करावी. हा ५० ओहमचा रोध असतो, तो सगळी ताकद उष्णतेत जिरवतो आणि हवेत काही सोडत नाही. प्रत्येक पट्ट्यावर ताकद किती येते ते मीटरवर पाहावे. शंभर वॉटचा सेट पूर्ण जोरात साधारण वीस अँपिअर ओढतो. त्याहून बराच जास्त प्रवाह घेऊन ताकद कमी देत असेल तर फायनल थकलेले आहेत. माइक मूळचा आहे का हेही पाहावे, कारण त्याच्या आठ पिनांची जोडणी प्रत्येक कंपनीची निराळी आहे आणि बदली माइक शोधणे हा कंटाळवाणा उद्योग आहे.

'संगणकावरच्या नव्या पद्धती यावर चालतील का?'

चालतात, थोड्या खटपटीने. २०१७ मध्ये आलेली एफटी-८ ही पद्धत पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्यांत अगदी लहान मजकूर पाठवते आणि माणसाच्या कानाला ऐकू न येणारा क्षीण संकेतही वाचते. तिला सेटकडून दोनच गोष्टी लागतात: आवाज आत-बाहेर जाण्याची वाट आणि न सरकणारी वारंवारता. मधल्या पिढीचे सेट दोन्ही देतात. वाटेत एक लहान साउंडकार्ड आणि विलगीकरणाचा ट्रान्सफॉर्मर घालावा लागतो. मात्र बोलताना माणूस श्वास घेतो, तसा एफटी-८ घेत नाही. आपली पाळी असेपर्यंत ताकद सलग जात राहते. म्हणून शंभर वॉटचा जुना सेट तीस-चाळीस वॉटवरच चालवावा. वादळात मात्र मला या पद्धतीचा फारसा उपयोग दिसत नाही, कारण 'आजीला हृदयविकाराच्या गोळ्या पाहिजेत' हे सांगायला माणसाचा आवाज लागतो.

'त्यापेक्षा स्वस्तातला नवा वॉकीटॉकी का नको?'

कारण सड्याच्या पलीकडे तो बोलणार नाही, हे वर आलेच. दुसरे कारण कायद्याचे. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकींच्या बेकायदा विक्रीबद्दल ई-कॉमर्स मंचांना नोटिसा दिल्या. संकेतस्थळावर वस्तू मिळते म्हणून ती वापरायला परवानगी आहे असे होत नाही. परवान्याशिवाय वापरता येणारा ४४६ मेगाहर्ट्झच्या आसपासचा एक अरुंद पट्टा आहे, पण तो फार कमी ताकदीच्या सेटपुरता.

हॅम सेट घेण्यासाठी, आणि नुसता घरी ठेवण्यासाठीही, परवाना लागतो; म्हणून आधी परीक्षा आणि मग सेट हाच क्रम ठेवावा. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेल्या कुणालाही परीक्षा देता येते. पहिल्या, म्हणजे रिस्ट्रिक्टेड, श्रेणीला ५० वॉटची मर्यादा आहे; जनरल श्रेणीला ४०० वॉटची, आणि तिच्या परीक्षेत मोर्सही येते. जुना सेट शंभर वॉटचा असेल तर त्याची ताकद खरोखर खाली आणता येते का ते पाहावे. शिवाय अमेरिकेत ४० मीटरचा पट्टा ७.३ मेगाहर्ट्झपर्यंत असला तरी आपला ७.२ ला संपतो, आणि अमेरिकेसाठी बनवलेला सेट तुम्हाला त्या हद्दीवर अडवणार नाही. सेट परवानाधारकाकडूनच घ्यावा, आणि त्याचा अनुक्रमांक व दोघांची कॉल साइन, म्हणजे परवान्यावरचे ओळखचिन्ह, असलेला सहीचा कागद फाइलला लावावा.

पैसे कुठे घालावेत

माझे मत असे, की हातात असलेल्या रकमेतला तिसरा हिस्सा सेटवर खर्च न करता बॅटरी, केबल आणि दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावा. घरात इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची बॅटरी असतेच. तिचा निम्माच भाग वापरायचा ठरवला तरी ७५ उरतात. दिवसाचे बारा तास ऐकायला दीड अँपिअरने अठरा, आणि पन्नास वॉटवर तासभर बोलायला सुमारे आठ, म्हणजे दिवसाला सव्वीस. जवळजवळ तीन दिवस निघतात. पण हे सेट साधारण ११.७ व्होल्टच्या खाली कुरकुर करू लागतात, आणि बारीक वायरीतून वीस अँपिअर ओढले तर वाटेतच दीड-दोन व्होल्ट हरवतात. त्यामुळे बॅटरीपासून सेटपर्यंतची वायर जाड आणि आखूड असावी, आणि फ्यूज बॅटरीच्या टोकाशी असावा.

अँटेनाला फारसा खर्च नाही. १४३ ला ७.१ ने भागले की वीस मीटर येतात. म्हणजे दहा-दहा मीटरच्या दोन तारा, मधोमध केबल, आणि दोन माडांना ताण. आमच्याकडे ती बांधायला आलेल्या पाडेल्याने वर चढण्याआधीच विचारले होते, "भाऊ, वाऱ्यात दोन माड दोन बाजूंना झुकले तर तार राहील काय?" राहिली नाही, पहिल्याच वावटळीत तुटली. तेव्हापासून एका टोकाला कप्पी आहे, दोर तिच्यावरून खाली येतो आणि त्याला जांभ्या दगडाचा एक चिरा टांगलेला आहे. माड डोलले की चिरा वर-खाली होतो आणि तार ताणलेली राहते. मेघगर्जना सुरू झाली की केबल सेटमधून काढून खिडकीबाहेर टाकायची, आणि त्यासाठी विजेचा पहिला लोळ दिसेपर्यंत थांबायचे नाही.